ग्राफिक्स कार्ड बदलण्यापूर्वी काय तपासावे

खेळ अडखळू लागला की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. गेमिंगच्या संगणकात बहुधा तोच सर्वांत महागडा भाग असतो, त्यामुळे तो संशय खरा आहे का, याची खात्री पैसे मोजण्याआधी करून घेतलेली बरी. स्वतःच्या संगणकावर मोजमाप केल्याशिवाय कोणीही नवे कार्ड घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. यूट्यूबवरची परीक्षणे अवश्य पाहावीत. परंतु कार्डांची तुलना नीट व्हावी म्हणून ती बहुतेक वेळा अतिशय वेगवान प्रोसेसर जोडून केलेली असतात, आणि तसा प्रोसेसर आपल्या कॅबिनेटमध्ये नसेल तर तिथले आकडे आपल्या घरी मिळत नाहीत.

मोजण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. त्यासोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरमुळे खेळ चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसत राहतात. एफपीएस (कार्ड सेकंदाला किती चित्रे तयार करते तो आकडा), कार्डाचा वापर, त्याचे तापमान, क्लॉक (चिपचा वेग), व्हीआरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचा) वापर एवढे आकडे लावून घ्यावेत. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधून ठेवणारे सेटिंग) आणि एफपीएसवरची मर्यादा बंद करावी, नाहीतर कार्ड मुद्दाम हळू चालते आणि निष्कर्ष चुकतो. मग आपण एरवी ज्या सेटिंगवर खेळतो, त्याच सेटिंगवर आणि खेळातल्या सर्वांत जड जागी अर्धा तास खेळावे.

कार्डाचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के राहिला, तर कार्ड पूर्ण क्षमतेने काम करत आहे आणि अडसर तेच आहे. तो वापर साठ-सत्तर टक्क्यांवर घुटमळत असेल आणि तरीही एफपीएस कमी असेल, तर कार्ड प्रोसेसरची किंवा रॅमची वाट पाहत बसलेले असते. अशा वेळी प्रोसेसरचा एकूण वापर चाळीस टक्केच दिसतो म्हणून अनेकांची फसगत होते. प्रत्यक्षात एखादा कोअर शंभर टक्क्यांना टेकलेला असतो आणि बाकीचे रिकामे असतात. पडताळणीसाठी रिझोल्युशन १०८०पी वरून ७२०पी वर आणावे. एफपीएस भरभर वाढला तर अडसर कार्डाचा होता. जागचा हलला नाही तर नवे कार्ड घेऊनही तो हलणार नाही.

कांजूरमार्गला राहणाऱ्या माझ्या भाच्याने स्वतःचे आरएक्स ६६०० कार्ड विकून मोठे कार्ड घ्यायचे जवळजवळ ठरवले होते. आकडे लावल्यावर तो म्हणाला, “मामा, कार्ड तर साठ टक्क्यांवरच चाललंय.” टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे पान उघडले, तेव्हा ३२०० मेगाहर्ट्झची रॅम २१३३ वर चालताना दिसली, आणि तीही एकच स्टिक. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग, चालू केले, जुळणारी दुसरी स्टिक लावून ड्युअल चॅनल केले, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी कामाला लावल्या, आणि खेळातले अडखळणे थांबले. कार्ड आजही तेच आहे.

व्हीआरॅमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ती कमी पडली की कार्ड तो डेटा पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या) वाटेने संगणकाच्या मुख्य रॅममध्ये ठेवू लागते, आणि ती वाट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी हळू असते. म्हणून सरासरी एफपीएस बरा दिसतो, पण वळण घेतल्यावर किंवा नव्या भागात शिरल्यावर झटके बसतात, भिंतींवरची चित्रे काही क्षण धूसर राहतात. आफ्टरबर्नरमधला व्हीआरॅमचा आकडा खेळाने राखून ठेवलेल्या जागेचाही असू शकतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. टेक्स्चर (भिंती-जमिनीवरच्या चित्रांची स्पष्टता) सेटिंग एक पायरी खाली आणावी आणि खेळ पुन्हा सुरू करावा. झटके गेले तर व्हीआरॅमच कमी पडत होती. आज नवे कार्ड घेणाऱ्याने ८ जीबीच्या कार्डाकडे स्वस्तातली तडजोड म्हणूनच पाहावे. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही कार्डे ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळतात. चार-पाच वर्षे कार्ड टिकवायचे असेल, तर १६ जीबीसाठी दिलेले जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

मुंबईत आणखी एक कारण हमखास निघते, ते म्हणजे धूळ आणि उष्मा. रस्त्यांची आणि इमारतींची कामे सतत चालू असतात, खिडक्या उघड्या ठेवल्याशिवाय राहवत नाही, आणि दमट हवेत ती धूळ कार्डाच्या पंख्यामागे हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत चिकटून नमद्यासारखी घट्ट बसते. बाहेरून पंखे फिरताना दिसतात, पण हवा पात्यांतून जातच नाही. तापमान ८३-८५ अंशांना पोहोचताच क्लॉक उतरू लागत असेल, तर आधी कार्ड काढून मऊ ब्रश आणि ब्लोअरने स्वच्छ करावे. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण मोकळा सोडल्यास तो भरधाव फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलण्यासाठी कार्ड उघडायचे असल्यास वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात. ही तपासणी एप्रिल-मेमध्ये, पंख्याखालच्या खोलीत केलेली उत्तम. एसी लावून डिसेंबरमध्ये घेतलेले तापमानाचे आकडे खोटी निश्चिंती देतात.

मोजण्याच्या नियमाला अपवादही आहे; काही वेळा मोजमाप न करताही निर्णय होतो. एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० ज्या पास्कल पिढीतले आहे, त्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेची अद्यतने तेवढी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. शिवाय २०२५ मध्ये आलेला ‘डूम: द डार्क एजेस’ हा खेळ हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या वाटा मोजणारा चिपमधला खास भाग) नसलेल्या कार्डांसाठी बनवलेलाच नाही. असे नवे खेळ खेळायचे असतील तर जुने कार्ड बदलावेच लागेल. उलट, व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक एवढेच खेळणाऱ्याने घाई करण्याचे कारण नाही.

मॉनिटरचाही विचार याच वेळी करावा. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर सुमारे ३६.९ लाख, आणि ४के वर सुमारे ८२.९ लाख, कार्डावरचा भार साधारण त्याच अंगाने वाढतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर एका सेकंदात ६० पेक्षा अधिक चित्रे दाखवूच शकत नाही, त्यामुळे तिथे १२० एफपीएस देणारे कार्ड लावून डोळ्यांना फारसे काही मिळत नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये तो ६० वरच राहिलेला असणे, हेही मी अनेक घरांत पाहिले आहे. नवे कार्ड निदान पन्नास टक्के अधिक एफपीएस देणार नसेल, तर मी ते घेऊ नये असेच सांगेन, कारण ६० चे ७० झालेले खेळताना जेमतेम जाणवते.

निर्णय ‘घ्यावे’ असा झाला, तर पुढची पाहणी एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट देतो, सहा पिनची केबल ७५ आणि आठ पिनची १५०. आरटीएक्स ४०६० ला सुमारे ११५ वॅट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७०. जुन्या, बिनानावाच्या ‘५०० वॅट’ एसएमपीएसवर या आकड्यांच्या वरचे कार्ड लावणे धोक्याचे आहे, आणि त्याचा खर्च कार्डाच्या किमतीतच धरावा. घरात ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटच पेलतो. खेळ चालू असताना वीज गेली तर मोठ्या कार्डाचा संगणक त्याच क्षणी बंद पडेल. विजेचा हिशेबही सोपा आहे. जुन्यापेक्षा १०० वॅट जास्त खाणारे कार्ड रोज चार तास चालले तर महिन्याला १२ युनिट वाढतात, आणि मुंबईत घरगुती दर १०० व ३०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत असल्यामुळे काठावर असलेल्या घराने हे पाहून ठेवावे. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का, हे टेपने मोजावे.

खरेदीसाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड अजूनही उपयोगी आहे, कारण तिथे दोन-तीन दुकानांत भाव विचारता येतो आणि कार्ड हातात घेऊन पाहता येते. भाव विचारताना तो १८ टक्के जीएसटी धरून आहे का, हे स्पष्ट करून घ्यावे. बिलाविना मिळणारी सवलत स्वीकारू नये, आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्यावा, कारण वॉरंटीच्या वेळी तोच विचारला जातो. परदेशातून आणलेल्या कार्डाला भारतात वॉरंटी लागू होते का, याचे उत्तर दुकानदाराकडून घेण्यापेक्षा कंपनीच्या ग्राहकसेवेकडून घ्यावे.

जुने कार्ड घेणाऱ्याने अधिक सावध राहावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची (कार्डांवर गणिते करून चलन मिळवण्याची) पद्धत सोडली आणि त्या कामाला दिवसरात्र जुंपलेली असंख्य कार्डे बाजारात आली. त्यांतली अनेक आजही हातोहात फिरत आहेत. मायनिंगमध्ये वापरलेले प्रत्येक कार्ड वाईट असतेच असे नाही, पण विक्रेता ते अर्धा तास जड खेळ लावून दाखवायला तयार नसेल तर व्यवहार सोडून द्यावा. पंखा हाताने फिरवून तो डुगडुगतो का पाहावे, एचडीएमआयच्या तोंडाशी आणि मागच्या पट्टीवर गंज आहे का पाहावे, कारण समुद्रालगतच्या घरांतून आलेल्या कार्डांवर तो हमखास सापडतो. जीपीयू-झेड चालवून कार्डाचे खरे नावही तपासावे; जुन्या चिपचे बायॉस (कार्डातले मूळ सॉफ्टवेअर) बदलून ती नव्या नावाने विकण्याचे प्रकार होतात, आणि असे अनेक बनावट नमुने हे सॉफ्टवेअर ओळखून दाखवते.

कार्ड घरी आल्यावर डीडीयू हे सॉफ्टवेअर वापरून जुना ड्रायव्हर काढावा, नवा टाकावा, आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावावी. मग आधीच्याच खेळात, आधीच्याच जागी, त्याच सेटिंगवर तेच आकडे पुन्हा घ्यावेत. जुने कार्ड लगेच विकू नये; नव्यावर महिनाभर व्यवस्थित खेळून झाल्यावरच त्याची जाहिरात टाकावी.