उत्तर जुळत नाही? आधी किती पटीने चुकलंय ते बघा

मेकॅनिकलच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं अडली की माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: ‘सर, उत्तर जुळत नाही.’ वही उघडून पाहिली की सूत्र बरोबर असतं, आकडेमोडही बऱ्याचदा बरोबर असते. तरीही उत्तर चुकलेलं. मग मुलगा सगळं खोडतो आणि पहिल्यापासून तेच तसंच पुन्हा करतो. ही पहिली चूक. खोडू नका. चुकलेलं उत्तर फार उपयोगाचं असतं, कारण चूक कुठे झाली याचा माग त्यातच सापडतो.

एका मुलाचं गणित सांगतो. 20 मिमी व्यासाचा गोल बार, त्याला 500 किलोचं वजन टांगलंय, स्ट्रेस (म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ) काढा. त्याने क्षेत्रफळ काढलं 3.14 गुणिले 20 चा वर्ग, म्हणजे 1256. मग 500 भागिले 1256, उत्तर 0.398. पुस्तकात 15.6 मेगापास्कल. तासभर डोकं धरून बसला होता. मी त्याला एवढंच म्हटलं, ‘15.6 ला 0.398 ने भाग.’ आलं 39.2. ‘आता 39.2 म्हणजे कशाचा गुणाकार?’ तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘4 गुणिले 9.81.’ तिथेच दोन्ही चुका उघड्या पडल्या. त्रिज्येच्या जागी व्यास घातला म्हणून क्षेत्रफळ 4 पट झालं. किलोचे न्यूटन केले नाहीत म्हणून 9.81 हरवला. खरं बल 4905 न्यूटन, खरं क्षेत्रफळ 314 चौरस मिमी.

चुकीचा माग कसा काढायचा

बरोबर उत्तर आणि तुमचं उत्तर यांचा भागाकार करा. 4 किंवा पाव आलं तर व्यास-त्रिज्येचा घोळ. शाफ्ट (फिरणारा दांडा) पिळला जातो त्या गणितात व्यासाचा घन येतो, तिथे हाच घोळ 8 पटीने दिसतो. 9.81 आलं तर किलो आणि न्यूटन. 1000 किंवा 10 लाख आलं तर मिमी आणि मीटर. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लांबीत 1000 चा फरक असतो, पण क्षेत्रफळात तो 10 लाखांचा होतो. चौरस मिमीचे चौरस मीटर करताना फक्त 1000 ने भागणारी वही मी दर आठवड्याला बघतो. याला माझा सरळ सल्ला आहे, बल न्यूटनमध्ये आणि लांबी मिमीमध्ये ठेवा. स्ट्रेस आपोआप मेगापास्कलमध्ये मिळतो, कारण 1 न्यूटन प्रति चौरस मिमी म्हणजेच 1 मेगापास्कल. रूपांतरच नको.

3.6 आलं तर ताशी किलोमीटर आणि मीटर प्रति सेकंद. 60 आलं तर मिनिटं आणि सेकंद. 9.55 आलं तर कोनीय वेगाऐवजी (रेडियन प्रति सेकंद) आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, थेट सूत्रात घातलाय. 3 किलोवॅटची मोटर 1440 आरपीएमने फिरते, टॉर्क (फिरवण्याचा जोर, शक्ती भागिले कोनीय वेग) किती? 3000 भागिले 1440 केलं की 2.08 येतो, खरा टॉर्क 19.9 न्यूटन-मीटर आहे. तोंडी पडताळायचं तर आरपीएमला 10 ने भागा, कोनीय वेग जवळपास तेवढा येतो. इथे 144, आणि 3000 भागिले 144 म्हणजे 21 च्या आसपास. मग 2.08 बघूनच शंका यायला हवी.

एककांची गफलत फक्त विद्यार्थ्यांकडूनच होते असं नाही. 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पौंड-सेकंदात दिले होते, आणि पुढच्या हिशोबात ते न्यूटन-सेकंद म्हणून धरले गेले. फरक 4.45 पटीचा.

जिथे ही युक्ती चालत नाही

काही चुका पटीत दिसत नाहीत. बंद टाकीतली हवा 27 अंश सेल्सिअसवरून 54 वर नेली की दाब दुप्पट होईल असं लिहिणारे खूप. केल्विनमध्ये (सेल्सिअसमध्ये 273 मिळवून) ते 300 वरून 327 आहे, म्हणजे निरपेक्ष दाब फक्त 9 टक्क्यांनी वाढतो. गेजवरच्या दाबाचंही तसंच, त्यात वातावरणाचा साधारण 1 बार मिळवायचा राहून जातो. इथे चूक बेरजेची आहे.

उतारावरच्या ठोकळ्यात साइन की कोसाइन हा गोंधळ पाठांतराने सुटत नाही. मनात उतार सपाट करा, कोन शून्य. सपाट जमिनीवर वजन ठोकळ्याला पुढे ढकलत नाही, म्हणून उतारालगतचा घटक शून्य व्हायला हवा. शून्य अंशाला शून्य होतो तो साइन. हे दहा सेकंदांत होतं आणि जन्मभर पुरतं. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिलाय का, तेही बघा. साइन 30 ला 0.5 ऐवजी उणे 0.988 दाखवला तर दोष तुमच्या समजुतीत नाही, मोडमध्ये आहे.

तोंडी हिशोबात

इथे सगळ्यात जास्त नुकसान दशांश चिन्ह करतं. 0.0045 गुणिले 320 करताना मुलं शून्यं मोजत बसतात. त्याऐवजी 4.5 गुणिले 3.2 करा, 14.4. दहाचे घात वेगळे धरा, उणे 3 आणि अधिक 2, म्हणजे उणे 1. उत्तर 1.44. आकडे एकीकडे, घात दुसरीकडे.

अंदाज काढताना दोन संख्या गुणायच्या असतील तर एक वर आणि एक खाली सरकवा, भागायच्या असतील तर दोन्ही एकाच दिशेने. बरेच जण उलट करतात आणि अंदाज भलतीकडेच जातो. गोल क्षेत्रफळासाठी व्यासाच्या वर्गाचे जवळपास 78 टक्के धरा. 25 मिमीचा वर्ग 625, त्याचे पाऊण म्हणजे 470, वर थोडं, 490 च्या आसपास. नेमकं उत्तर 491 आहे.

मदत मागताना

नुसता प्रश्नाचा फोटो पाठवून ‘सोडवून द्या’ म्हटलं की उत्तर मिळतं, चूक मात्र तुमच्याकडेच राहते. एआय चॅटबॉटला विचारलं तरी तेच, आणि तिथे आत्मविश्वासाने चुकीचा आकडाही मिळू शकतो, म्हणून आधी स्वतःचा अंदाज लिहून ठेवा. पुस्तकातलं उत्तरही कधीकधी चुकीचं छापलेलं असतं.

विचारताना आकृती द्या, तुमची प्रत्येक पायरी एककासह द्या, आणि भागाकार केलेला आकडा द्या. त्या मुलाने पुढच्या आठवड्यात पाठवलेला मेसेज असा होता: ‘शाफ्टचं गणित, बल न्यूटनमध्ये, लांबी मिमीमध्ये. माझं उत्तर 8 पट मोठं येतंय. व्यास आणि त्रिज्या तपासतो, तरी नाही सुटलं तर फोन करू का?’ फोन आला नाही.