काळजीवाहकांना आधार द्यायचा असेल तर या चुका टाळा

घरातील आजारी, वृद्ध किंवा दिव्यांग माणसाची दिवसरात्र शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांना मदत करावी म्हणून स्वयंसेवकांचे गट उभे राहतात, आणि अशा गटांसोबत काम करताना मी गेली अनेक वर्षे त्याच त्या चुका पाहत आलो आहे. माणसे चांगली असतात, तळमळ खरी असते, तरीही काही महिने उलटले तरी मदतीसाठी घरेच सापडत नाहीत अशी तक्रार घेऊन ती येतात. घरे असतात, चुकतो तो बहुधा पहिला प्रश्न.

'तुमच्या घरी काळजीवाहक कोण आहे?' असे विचारू नका. हा शब्द आपल्या अर्जांतला आहे. जी व्यक्ती प्रत्यक्ष हे काम करते ती स्वतःला सून, मुलगा, बायको किंवा भाऊ मानते, आणि आपण करतो त्याला वेगळे नाव असू शकते हे तिच्या मनातही आलेले नसते. एका नव्या स्वयंसेवकाने एका दुपारी चौदा घरे उरकली आणि अर्जांचा गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला. त्यातील एका अर्जावर 'सासूबाई, स्मृतिभ्रंश, सहा वर्षे' अशी नोंद होती आणि काळजीवाहकाच्या रकान्यात लिहिले होते 'कोणी नाही'. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती सहा वर्षे कोणी न सांभाळता कशी राहील, एवढा विचार करायलाही त्या घाईत सवड मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. सूनबाई दारातच म्हणाल्या, "आम्हाला कुणाची मदत नको. आमच्या घरचं आम्ही करतो." मी अर्ज पिशवीतून काढलाच नाही. "काल रात्री किती वेळा उठावं लागलं?" एवढेच विचारले. त्यांनी बोटांवर मोजले. "चार वेळा. नाही, पहाटे त्या कडी काढून बाहेर निघाल्या होत्या, ते धरून पाच." मग त्यांनी मला आत बोलावले. अर्ध्या तासात त्या तीनदा उठून आतल्या खोलीत जाऊन आल्या, आणि बोलता बोलता कळले की स्वतःच्या गळ्याशी आलेल्या गाठीची तपासणी डॉक्टरांनी सांगून आठ महिने झाले होते. त्या गेल्या नव्हत्या, कारण सासूबाईंजवळ बसायला कोणी नव्हते. आम्ही दोघांना आळीपाळीने बसवले तेव्हा कुठे ती तपासणी झाली. 'कोणी नाही' ही नोंद कपाटात गेली असती, तर त्या आठ महिन्यांत आणखी किती महिने मिळवावे लागले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. कालच्या रात्रीबद्दल विचारायचे, औषधांच्या वेळा कोणाला पाठ आहेत ते विचारायचे, आणि तुम्ही एकट्या घराबाहेर शेवटच्या कधी पडलात ते विचारायचे. दिवसाला तीनहून अधिक घरे मी करत नाही. ज्यांना आठवड्याच्या शेवटी मोठा आकडा दाखवायचा असतो त्यांना ही गती संथ वाटते, पण त्यांच्या आकड्यांमध्ये अशा सूनबाई कधीच नसतात.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे किती तास काम केले की माणूस मदतीला पात्र ठरतो याची पट्टी लावणे. ब्रिटनमध्ये 1995 च्या कायद्याने काळजीवाहकांच्या गरजांची पाहणी मान्य केली, परंतु नियमित आणि भरीव शुश्रूषा करणाऱ्यांपुरतीच. 2014 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही 'भरीव'ची अट काढून टाकली. छोट्या गटांनी तरी ती अट नव्याने शोधून काढू नये. दूरच्या गावाहून फोनवरून आईची सगळी औषधे, तपासण्या आणि बिले सांभाळणारा मुलगाही या यादीत येतो. दार उघडायला आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला वडिलांची गोळी किती वाजता द्यायची हे सांगता येत असेल, तर तोही येतो, आणि त्याच्या अभ्यासाची चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी.

मला सर्वाधिक खटकणारी दुसरी चूक म्हणजे 'काही लागले तर नक्की सांगा' हे वाक्य. ते बोलणाऱ्याला हलके करते आणि ऐकणाऱ्यावर आणखी एक काम टाकते: काय लागेल ते ठरवा, शब्द जुळवा, संकोच गिळा आणि फोन करा. थकलेला माणूस यातले काहीच करत नाही. त्याऐवजी 'मंगळवारी चार ते सहा मी यांच्याजवळ बसतो, तुम्ही बाहेर जा किंवा झोपा' असे सांगावे, आणि मंगळवारी चारला पाच मिनिटे कमी असताना दारात उभे राहावे. दर आठवड्याचे खात्रीचे दोन तास हे अधूनमधून मिळणाऱ्या आख्ख्या दिवसापेक्षा उपयोगी पडतात, कारण त्यांच्या भरवशावर दवाखान्याची वेळ घेता येते.

मात्र पहिल्याच दिवशी घरच्या माणसाला बाहेर पाठवू नका. पहिल्या दोन भेटींत सोबत बसून सगळे पाहायचे, हा माझा नियम आहे: पाणी पाजताना ठसका लागतो का, कूस कोणत्या बाजूने बदलायची, कशाने बेचैन होतात. उत्साही नवखे या दोन भेटी वाया गेल्या असे समजतात. एकाने त्या टाळल्या. पक्षाघात झालेल्या गृहस्थांना उठवताना त्याने दुबळ्या हाताला धरून ओढले, त्यांचा खांदा दुखावला, आणि त्यांच्या पत्नीने पुढे वर्षभर कोणालाही घरात घेतले नाही. ओळख करून घेण्याचे चार तास वाचवण्याच्या नादात आम्ही तिचे वर्षभराचे मंगळवार घालवले. उचलणे आणि बसते करणे हे फिजिओथेरपिस्टकडून शिकल्याशिवाय कोणीही करू नये. घरच्यांनाही ते शिकायला मिळाले तर त्यांच्या कमरेचे दुखणे पुष्कळ कमी होते.

जाहीर सत्कार ठेवायचा असेल, तर त्या वेळी आजारी माणसाजवळ कोण बसणार हे आधी ठरवा. ते ठरत नसेल तर सत्कार करू नका. 'त्यागमूर्ती', 'देवमाणूस' असली विशेषणे वापरू नका, कारण ती ऐकलेल्या व्यक्तीला 'मी थकले आहे' असे म्हणता येत नाही. न मागता औषधे आणि उपचार सुचवू नका. भेटीत फक्त रुग्णाची विचारपूस करून निघू नका.

ताण मोजण्यासाठी झारिट प्रश्नावली अनेक ठिकाणी वापरतात; तिच्या प्रचलित रूपात 22 प्रश्न असतात आणि प्रत्येकाला 0 ते 4 गुण. ती चांगली आहे, परंतु सोपा उपाय म्हणून पहिल्याच भेटीत पुढे सरकवली की उत्तरे सगळी 'कधीच नाही' येतात, कारण आजारी माणूस शेजारच्याच खोलीत ऐकत असतो. ताण गंभीरपणे घ्यावा याचे कारण मात्र पक्के आहे: 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका, शुश्रूषा न करणाऱ्यांच्या तुलनेत 63 टक्के अधिक आढळला होता.

आणि आजारी माणूस गेला की यादीतून त्या घराचे नाव काढू नका. पहिले काही दिवस घर भरलेले असते, तेव्हा तुमची गरज नसते. महिना उलटला की जावे. रात्री दर दोन तासांनी उठण्याची सवय तेव्हाही सुटलेली नसते, आणि कालच्या रात्रीचा तोच प्रश्न तेव्हाही विचारावा लागतो.