हार्ट फेल्युअरची रक्ततपासणी: या चुका टाळा

बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या हार्ट फेल्युअर ओळखायच्या दोन वेगळ्या रक्ततपासण्या. त्या एकच समजणं, हा सगळ्यात महागात पडणारा घोळ. हृदयावर ताण आला की एकाच रेणूचे हे दोन तुकडे रक्तात येतात, पण त्यांचे आकडे एका मापात बसत नाहीत. अहेरीकडच्या रुग्णाचा बीएनपी ३२० आला आणि पुढे नागपुरात एनटी-प्रोबीएनपी १,९०० आला, की घरचे म्हणतात, “सहापट वाढलं!” तब्येत तशीच असूनही एवढा फरक दिसू शकतो. मग कुणीतरी घाईत लघवीची गोळी दुप्पट करतं, क्रिएटिनिन (किडनीवरचा ताण दाखवणारा आकडा) चढतं, बीपी पडतो आणि माणूस अंगणातच चक्कर येऊन पडतो. तपासणी दरवेळी तीच हवी आणि जमेल तोवर लॅबही तीच. फाइलवर आकड्याआधी तपासणीचं नाव लिहा.

सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन ही हार्ट फेल्युअरची गोळी चालू असेल तर बीएनपीच्या भरवशावर राहू नका. बीएनपीचं विघटन या गोळीने अडतं, त्यामुळे आकडा वर राहू शकतो. तिथे एनटी-प्रोबीएनपीच करा.

दुसरी चूक वाहतुकीची. बीएनपी जांभळ्या झाकणाच्या प्लास्टिक ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतच घ्यावा, काचेच्या नाही, आणि साधारण चार तासांत मशीनवर लावावा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे असताना नळी पिशवीत टाकून एसटीने पाठवली, तर आकडा खोटाच कमी येतो आणि फुगत चाललेल्या रुग्णाला “ठीक आहे” म्हणून घरी पाठवलं जातं. ही काटकसर नव्हे. नमुना बाहेरगावी जाणार असेल तर एनटी-प्रोबीएनपी मागवा. तो जास्त टिकतो. तरीही सीरम (रक्तातला पाणीदार भाग) वेगळं करून, लसीच्या डब्यासारख्या थंड डब्यातूनच पाठवा.

एनटी-प्रोबीएनपी ज्याच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी, अशी ३०० ची रेघ अचानक धाप लागलेल्यासाठी आहे. ओपीडीत १२५ धरतात. जुन्या रुग्णाला दोन्ही लावू नका. सूज उतरल्यावरचा, डिस्चार्जच्या वेळचा त्याचा स्वतःचा आकडा पाहा. त्यावर ३० टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर गांभीर्याने घ्या. १०-१५ टक्के आपोआपच हलतात.

लठ्ठ माणसात आकडा कमी येतो. किडनीचा आजार, अनियमित ठोके, उतारवय यांत जास्त. पूर्व विदर्भात सिकलसेलही विचारा. त्यात फुप्फुसातला दाब वाढला असेल तरी आकडा चढतो. रुग्ण केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असेल तर लॅबला सांगा, काही मशीनवर आकडा घसरतो.

तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, रात्री धाप लागते म्हणून उशा वाढवाव्या लागल्या, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.