सी प्रोग्रामिंगमध्ये स्ट्रिंगमधलं (म्हणजे मजकुरातलं) अक्षर शोधताय? या चुका टाळा

सबमिशन जवळ आलं की कोथरूडला माझ्या घरी संध्याकाळी दोन-चार पोरं लॅपटॉप घेऊन येतातच. दरवर्षी पोरं नवी, चुका त्याच, एकाच दुकानात झेरॉक्स काढल्यासारख्या.

माझी सगळ्यात नावडती म्हणजे फॉर लूपच्या आत इफ, जुळलं तर "सापडलं" प्रिंट, आणि तिथेच एल्स लावून "सापडलं नाही". परवा एकाने शब्द घेतला कोथरूड, इंग्रजी स्पेलिंगमध्ये, के ओ टी एच आर यू डी, शोधायचा होता आर. स्क्रीनवर चार वेळा सापडलं नाही, मग एकदा सापडलं, मग परत दोनदा नाही. म्हटलं अरे बाबा, एकदा काय ते ठरव, आहे का नाही? तर म्हणे सर, ब्रेक टाकतो, सापडलं की लूप तिथेच थांबेल. ब्रेकने शेवटचे दोन गेले, आधीचे चार तसेच. सगळी स्ट्रिंग बघून व्हायच्या आत "नाही" म्हणायची घाई कशाला? सदाशिव पेठेत कुणाचं घर शोधताना पहिल्याच वाड्यात विचारून "पुण्यात राहतच नाहीत" म्हणत परत येतो का आपण? मी लूपच्या आधी पोझिशनमध्ये उणे एक टाकून ठेवतो, सापडलं की आय (लूपमधला चालू जागेचा नंबर) टाकून ब्रेक, आणि निकाल लूपच्या बाहेर. तपासायचं पण उणे एकशीच, नुसतं इफ पोझिशन लिहिलंत तर पहिलंच अक्षर के शून्य नंबरच्या जागेवर सापडूनही प्रोग्राम म्हणणार "नाही", कारण इफला शून्य म्हणजे खोटं.

दुसरी मी स्वतः केलीये. हिंजवडीत नवीन असताना सेटिंगची फाईल वाचायचा कोड माझ्याकडे होता, प्रत्येक ओळीत स्ट्रचरने (strchr, स्ट्रिंगमध्ये एक अक्षर शोधणारं फंक्शन) बरोबरचं चिन्ह शोधायचं, त्या जागी नल कॅरेक्टर (स्ट्रिंग संपल्याची खूण) टाकून ओळीचे दोन तुकडे करायचे. माझ्या मशीनवर मस्त चालायचा, क्लायंटकडे सुरू केला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद. दोन दिवस मेमरी, कंपायलर, त्यांचं मशीन, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या, शेवटी त्यांची फाईल मागवली तर तळाशी एक रिकामी ओळ, कोणीतरी सहज एंटर मारलेला. रिकाम्या ओळीत बरोबरचं चिन्ह कुठून येणार, स्ट्रचरने नल पॉइंटर, म्हणजे "सापडलं नाही" सांगणारा रिकामा पत्ता दिला आणि मी तिथेच लिहायला गेलो. तेव्हापासून स्ट्रचर टाइप केलं की लगेच खाली नल तपासणारं इफ, बाकीचं डोक्यात काय असेल ते नंतर. आणि हो, स्ट्रचर पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता देतो, जागेचा नंबर नाही. नंबर हवा तर त्यातून स्ट्रिंगची सुरुवात वजा करा.

एक अक्षर सिंगल कोटमध्येच. डबल कोट टाकून तुलना केलीत तर कंपायलर वॉर्निंग देतो, तीच जी तुम्ही न वाचता वर स्क्रोल करता.

इनपुट घेताना स्कॅनएफ टक्का एसने (scanf, %s) "शनिवार वाडा" मधलं फक्त शनिवार येतं, ते स्पेसपाशी थांबतं, मग वाड्यातलं अक्षर सापडत नाही म्हणून लूपला दोष देऊ नका. अख्खी ओळ वाचणारं एफगेट्स (fgets) वापरा. जुनं गेट्स (gets) सी च्या 2011 च्या स्टँडर्डमधून काढूनच टाकलंय, तरी जुन्या जर्नलमधून उतरवणारे उतरवतातच.

हौसेने मराठीत शोधणाऱ्यांसाठी: यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) "पुणे" हे 12 बाइट, नुसता ण 3 बाइटचा, तो एका कॅरमध्ये (char, एक बाइटचा डबा) मावत नाही, म्हणून स्ट्रचरचा इथे उपयोग नाही. इथे मात्र ण डबल कोटमध्ये घालून स्ट्रस्ट्र (strstr, स्ट्रिंगमध्ये दुसरी स्ट्रिंग शोधणारं फंक्शन) वापरा, आणि त्याचाही नल तपासा.