सांध्याला तेल घालताय? फ्लाय रॉडच्या या चुका टाळा

दार करकरलं की तेल, कुलूप अडलं की तेल, सायकलची साखळी वाजली की तेल. हे वळण घरातच लागतं. त्याच वळणापायी मी माझ्या पहिल्या फ्लाय रॉडच्या, म्हणजे ‘फ्लाय’ नावाच्या खोट्या माशीचा गळ टाकून मासे धरायच्या, तुकडे जोडून उभ्या होणाऱ्या काठीच्या, तिन्ही जोडांना शिवणयंत्राचं तेल लावलं होतं. दुसऱ्या दिवशी हिमाचलातल्या तीर्थन नदीवर, गुशैणी गावाच्या जरा खाली, पाचव्या-सहाव्या कास्टला, म्हणजे लाइन (गळाची दोरी) फेकताना, रॉडचा शेंडा सुटला आणि लाइनवरून सरसरत थेट फ्लायपर्यंत जाऊन पाण्यात पडला. लाइन रॉडवरच्या कड्यांतून ओवलेली असते, म्हणून तो वाहून गेला नाही इतकंच.

बिजागरी हलायलाच हवी. रॉडचा जोड हलताच कामा नये. त्याला आटे नाहीत, चाप नाही, खिळा नाही. एक नळी दुसरीत घट्ट बसते आणि घर्षणावर टिकते. तेल नेमकं तेच घर्षण काढून घेतं. वर धूळ धरून ठेवतं, ते वेगळंच. व्हॅसलिन, खोबरेल, ग्रीस, फवाऱ्याचं गंज सोडवणारं तेल, सगळ्यांना हाच नियम.

पण म्हणून काहीच लावायचं नाही, असंही नाही. इथेच बहुतेक जण दुसरी चूक करतात: आपल्या रॉडचा जोड कोणत्या जातीचा आहे हे न बघता कुणीतरी सांगितलेला उपाय करून मोकळे होतात.

आजच्या बहुतेक कार्बन रॉडना वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्यावर पेनाच्या टोपणासारखं बसतं. काही रॉडना खालच्या तुकड्यातून एक खुंटी बाहेर आलेली असते, वरचा तुकडा तिच्यावर चढतो आणि बाहेरून दोन्ही तुकडे एकाच जाडीचे दिसतात. तिसरी जात बांबूच्या रॉडची. तिथे धातूची नर-मादी असते, नळवाल्याच्या भाषेतली: आत जातो तो नर, ज्यात जातो ती मादी. कार्बनच्या जोडांनाही हेच शब्द वापरतो. हा धातू म्हणजे निकेल सिल्व्हर ऊर्फ जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त, चांदी औषधालाही नाही. आपल्याकडे ‘जर्मनचं पातेलं’ म्हणतात ते ॲल्युमिनियम असतं. त्याच्याशी याची गल्लत नको.

कार्बनवर कार्बन घासतो तिथे मेण चालतं. साधी पांढरी मेणबत्ती, पॅराफिनची. मधमाश्यांचं मेण नको. ते चिकट असतं आणि वाळूचे कण पकडून ठेवतं. सुगंधी, रंगीत मेणबत्त्याही नकोत. लावायची पद्धत अशी: नराचा भाग स्पिरिटच्या फडक्याने पुसा, मादीच्या आत कापसाची काडी फिरवा. आधीचं मेण काळपट होऊन निघेल, ते पूर्ण निघू द्या. मग मेणबत्ती नरावर लांबीच्या दिशेने तीन-चार ठिकाणी ओढा आणि बोटाने घासून पसरवा. बोटाच्या उबेने ते मऊ होतं. शेवटी हाताला गुळगुळीत लागलं पाहिजे, पण डोळ्यांना थर दिसता कामा नये. दिसत असेल तर जास्त झालंय, पुसा. जुन्यावर नवं, नव्यावर आणखी नवं, असे थर चढवत गेलं की जोड पूर्ण आत बसत नाही, अर्ध्यावरच घट्ट वाटतो, आणि मग कास्ट करताना मादीच्या पातळ काठावर सगळा ताण येतो. एका हंगामात एकदा-दोनदा पुरे. रॉडच्या कंपनीने मेण लावू नका असं सांगितलं असेल तर मात्र तिचंच ऐका.

धातूच्या जोडाला मेणही नाही. तो कोरडा आणि स्वच्छ, बस. जुन्या मंडळींची एक युक्ती आहे, नाकाच्या कडेला नर घासायचा. तिथला तेलकटपणा म्हणजे फुकटचं वंगण. करून बघायला हरकत नाही, पण नंतर पुसून टाका. मला स्वतःला स्पिरिटचं फडकं जास्त भरवशाचं वाटतं.

बांबूच्या रॉडवरची सगळ्यात महागडी चूक म्हणजे पितळ चमकवायचं पॉलिश. मीही एकदा बाटली उघडली होती, एका जाणत्याने हात धरला. नर-मादीमधलं अंतर केसाहून बारीक असतं. पॉलिश म्हणजे धातू खरवडणं, आणि खरवडलेला धातू परत येत नाही. नर काळवंडला असेल तर काळवंडू दे. काळा पण घट्ट जोड चमकदार पण सैल जोडापेक्षा केव्हाही बरा. अमेरिकेत रॉड बनवणाऱ्या हायरम लेनर्डने 1875 आणि 1878 साली या धातूच्या जोडांत सुधारणा करून पेटंटं घेतली. पाणी बांबूत शिरू नये आणि जोडाच्या टोकाशी बांबू तुटू नये, या त्या काळच्या दोन अडचणी होत्या. गंमत म्हणजे त्या काळातल्या बऱ्याच रॉडचा बांबू आपल्याकडचा होता, ‘कलकत्ता केन’ नावाने तिकडे जाणारा. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याला मागे सारलं.

आता जोडायची रीत. कार्बनच्या रॉडचे तुकडे कड्या सरळ रेषेत न ठेवता पाव वळसा बाजूला ठेवून घाला, आणि हलकं दाबत फिरवून कड्या एका रेषेत आणा. त्या पिळाने पकड चांगली बसते. बांबूच्या रॉडला नेमकं उलटं: कड्या आधी जुळवा, मग सरळ ढकला. पीळ अजिबात नाही. सहा पट्ट्या डिंकाने चिकटवून केलेली काठी आहे ती. पिळलीत तर जोड सुटायच्या आधी पट्ट्या सुटतील किंवा धातू बांबूवरून निसटेल. दोन्ही प्रकारांत शेंड्याकडून सुरुवात करा, मुठीचा तुकडा शेवटी. आणि हात जोडाजवळ. लांबून धरून ढकललं की रॉड वाकते.

खुंटीच्या जोडात दोन तुकड्यांच्या मध्ये थोडी फट उरते. ती बघून नवशिके घाबरतात आणि ‘नीट बसलं नाही’ म्हणून ठोकून बसवतात. ती फट मुद्दाम ठेवलेली असते, काही मिलिमीटरची. खुंटी झिजत जाते तसा वरचा तुकडा खाली सरकतो आणि फट कमी होते. फट उरलीच नाही, तुकडे एकमेकांना टेकले, की जोड झिजला असं समजायचं.

मासेमारी चालू असताना अर्ध्या तासाने एकदा प्रत्येक जोडावर हात फिरवून दाबून बघा. घट्ट बसलेला जोडही कास्ट करता करता ढिला होतो, आणि कार्बनच्या रॉडचे बहुतेक जोड फुटतात ते याच ढिलाईने. मासा बिचारा निमित्तमात्र. दोन हातांच्या लांब रॉडवाले स्पे कास्ट (लांब रॉडने लाइन फेकायची एक पद्धत) करताना जोडावर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळतात ते उगाच नाही. कास्टला ‘टिक’ असा बारीक आवाज येऊ लागला तर तिथेच थांबा. कार्बनमध्ये तो बहुधा ढिल्या जोडाचा असतो. बांबूमध्ये जोड घट्ट असूनही येत असेल तर धातूखालचा डिंक सुटलाय. दोन बोटं जोडावर ठेवून रॉड हलकेच वाकवा, हालचाल बोटांना कळते.

जोड अडकला तर?

पक्कड आणू नका. कार्बनची नळी पोकळ आहे, पकडीच्या दातांखाली ती अंड्याच्या कवचासारखी जाते. कड्या धरूनही ओढायचं नाही. आधी पकड सुधारा: सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून बॅगेत ठेवा, हात घसरत नाहीत. मग रॉड गुडघ्यांच्या मागे आडवी घ्या, जोड मधोमध, दोन्ही हात गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूंना लागून. हात ताठ, आणि गुडघे हळूहळू बाहेर फाकवा. ओढण्याचं काम पायांना करू दे. पायांचा जोर सरळ आणि सारखा लागतो, हातांचा झटका लागतो. तरी सुटत नसेल तर सोबत्याला हाक मारा. समोरासमोर उभं राहून दोघांनीही एकेक हात जोडाच्या दोन्ही बाजूंना ठेवायचा आणि ‘एक, दोन, तीन’वर ओढायचं. एकाने एक बाजू, दुसऱ्याने दुसरी, अशी रस्सीखेच केली तर जोड सुटताच दोघंही मागे पडतात, आणि शेंडा दगडावर.

धातूचा जोड असेल तर नराच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीतला बर्फ मिनिटभर धरा आणि मादी मुठीत घेऊन ऊब द्या. नर आकसतो, मादी फुगते, आणि सरळ ओढल्यावर जोड ‘टप्’ करून सुटतो. कार्बन तापमानाने फारसा आकसत नाही, म्हणून तिथे बर्फाकडून एवढी अपेक्षा नको. लायटर मात्र कुठेच नाही. बांबूचे कारागीर जुना धातू काढताना आच देतात ती डिंक सुटावा म्हणून. तुम्ही दिलीत तर जोड अडकलेलाच राहील आणि धातू बांबूवरून हातात येईल.

कोकणच्या खाडीत जिताड्यामागे जाणाऱ्यांनी घरी येताच जोड सोडून नर-मादी गोड्या पाण्याने धुवायचे. मिठाचा वाळलेला कण आणि वाळूचा कण, दोघेही पॉलिश पेपरचंच काम करतात. तिकडे हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट मासा धरायला बंदी असते, म्हणजे आपली रॉड चार महिने नळकांड्यात. ओली पिशवी तशीच आत कोंबली तर बांबूचं वार्निश फुगतं आणि धातूवर हिरवट डाग येतात. रॉड एक रात्र बाहेर, पिशवी उन्हात, मगच झाकण. आणि जोडलेली रॉड भिंतीला टेकवून महिनोन्‌महिने ठेवायची नाही. अडकलेल्या जोडांच्या निम्म्या कहाण्या तिथूनच सुरू होतात.

पेटीतून काढल्यावर मादीच्या तोंडाभोवती कापूस फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे केसासारखी उभी भेग आहे. नदीकाठी दोऱ्याने घट्ट वेढून वर सुपरग्लूचा थेंब टाकला तर तो दिवस निघतो, पुढचा मोसम नाही. नवा तुकडा मागवायचा तर रॉडवरचं मॉडेल आणि नंबर टिपून ठेवा. शक्य असेल तर शेजारचा तुकडाही सोबत पाठवा, कारण नव्या तुकड्याचं तोंड त्याच्यावरच बसवून बघावं लागतं.