आपल्या आधी या घरात कोण राहत होतं, ते कसं शोधायचं

आमचं घर अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनमधलं, 1948 सालचं, केप कॉड पद्धतीचं, म्हणजे छोटंसं, उतरत्या छपराचं. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी 1947 ते 1951 या काळात इथे बटाट्याच्या शेतांवर एकाच साच्यातली 17,000 हून जास्त घरं उभी राहिली. तुमचंही घर त्या काळातलं असेल आणि पहिलं बिऱ्हाड कुणाचं होतं हे शोधायचं असेल, तर मी केलं तसं करा. पैसे फारसे लागत नाहीत, डोळे मात्र दुखतात.

आधी 1950 ची जनगणना. अमेरिकेत घरोघरची ही पानं 72 वर्षं बंद ठेवतात. ही 1 एप्रिल 2022 ला खुली झाली, आणि नॅशनल आर्काइव्हज, म्हणजे सरकारी अभिलेखागाराच्या साइटवर फुकट बघता येतात. आपल्याला नाव ठाऊक नसतं, तेव्हा नावाने शोधायच्या फंदात पडू नका. राज्य आणि काउंटी (म्हणजे जिल्हा) निवडा, नकाशात आपली गल्ली कोणत्या गणना-विभागात येते ते पाहा, तो नंबर टाका आणि पानं चाळत बसा. रस्त्याचं नाव अगदी डावीकडच्या रकान्यात असतं. माझी अख्खी संध्याकाळ गेली, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरण करपलं.

घर सापडलं की ओळ सावकाश, आडवी वाचा. आधी कुटुंबप्रमुख, म्हणजे नवरा. त्याच्याखाली आडनावाच्या जागी नुसती रेघ आणि पुढे बायकोचं नाव. वंशाच्या रकान्यात डब्ल्यू, म्हणजे गोरे. आमच्या पानावर तीसही ओळींत तेच अक्षर आहे. मग 15 वा रकाना: ही व्यक्ती गेल्या आठवड्यात मुख्यतः काय करत होती? नवऱ्यापुढे 'डब्ल्यूके', कामावर. बायकोपुढे 'एच', घर सांभाळते. इथे थांबू नका, 16 वा रकाना बघाच. घरातली कामं सोडून तिने गेल्या आठवड्यात काही काम केलं का? उत्तर: नाही. तिच्या खालच्या ओळीत तीन वर्षांचा मुलगा. त्याच्या खाली मुलगी, तिच्या वयाच्या जागी फक्त 'जुलै'. वर्षाच्या आतल्या बाळाचा जन्ममहिनाच लिहीत. ती बाई गेल्या आठवड्यात काय करत होती, ते मला 15 व्या रकान्याशिवायही कळलं असतं.

पानाच्या तळाशी सहाच माणसांना जास्तीचे प्रश्न विचारलेले असतात: शिक्षण, कमाई, सैन्यातली नोकरी. आमच्या घरातलं त्यात कुणी नाही. तुमचं नशीब बघा.

मग खरेदीखतं. आमच्याकडे ती मिनिओला गावी काउंटी क्लार्ककडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत असतात. स्वतःच्या नावापासून एकेक खत मागे जा, आणि नुसती नावं उतरवून घेऊ नका, अटी वाचा. लेव्हिटाउनची घरं सुरुवातीला भाड्यानेही दिली जात, आणि त्या भाडेकरारात 25 वं कलम होतं: गोऱ्या वंशाबाहेरच्या कुणालाही हे घर वापरू द्यायचं नाही, घरकामाला ठेवलेला नोकर तेवढा चालेल. अशा अटींची अंमलबजावणी कोर्टांनी करायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1948 चा. पुढे कलम गेलं, पण घरं बांधणारी कंपनी काळ्या कुटुंबांना घरं देत नव्हती ती नव्हतीच. घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरवणारा देशभराचा कायदा यायला 1968 उजाडलं. आमच्या खतांच्या साखळीत देशी आडनाव आमचंच पहिलं.

शेवटी गल्लीतलं सगळ्यात जुनं माणूस गाठा आणि चहाला बोलवा. "त्या काळी कसं होतं हो?" असं विचारलंत तर "छान होतं" एवढंच ऐकाल. "कपडे कुठे वाळत घालायचात?" असं विचारा. आमच्या शेजारच्या ऐंशी पार केलेल्या आजी त्या एका प्रश्नावर तासभर बोलल्या. कुंपण घालायचं नाही. गवत दर आठवड्याला कापायचं, नाहीतर कंपनी माणूस पाठवून कापणार आणि बिल आपल्याला. कपडे मागच्या अंगणात, छत्रीसारख्या उघडमिट होणाऱ्या स्टँडवरच, दोरी बांधायची नाही. आणि शनिवार-रविवारी तर तेही नाही.

हे त्या सांगत होत्या रविवारी, आमच्या मागच्या अंगणात. मेपलपासून शेडपर्यंत बांधलेल्या दोरीवर सासूबाईंच्या दोन सुती साड्या वाळत होत्या. "काय म्हणतायत गं?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"आणि भांडी? ती चालायची का रविवारी घासलेली?"

मी ते इंग्रजीत आजींना विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भांडी घरात होती ना. ती दिसत नसत."

सासूबाई उठल्या आणि तिसरी साडी आणायला आत गेल्या.