शुगर आणि हृदय : या चुका टाळा

बावीस वर्षं सोलापुरात लॅबमध्ये रक्त काढतोय. माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात जास्त चीड येते ती दोन दिवसांच्या पथ्याची. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत आठवडाभर जिलेबी, भजी, उसाचा रस. मग तपासणीआधी दोन दिवस कडक भाकरी आणि ताक. उपाशीपोटी ११० आली की माणूस निश्चिंत. अहो, ती त्या एका सकाळची शुगर. मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब एचबीएवनसी या रक्ततपासणीत निघतो. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं रक्तवाहिन्या खराब होतात, हृदयाचा स्नायू ताठर होतो. तो नीट सैल होत नाही, रक्त पुरेसं भरत नाही. मग जिन्यात धाप, संध्याकाळी पायांवर सूज.

दुसरी चूक आमच्याच घरात झाली. मामांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, शुगर पंधरा वर्षांची. मे महिन्यातल्या एका दुपारी घामानं बनियन चिंब, मळमळ, दम. मामी म्हणाली, "ऊन लागलं असंल." मामांनी पित्ताची गोळी घेतली, वर सोडा. रात्री मी गेलो तर भिंतीला टेकून बसलेले. आडवं झालं की श्वास कोंडायचा. ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. छातीत कळ एकदाही आली नव्हती. जुन्या शुगरमध्ये हृदयाच्या नसाही बधिर होतात, कळ पोचतच नाही. उपचाराचे मोलाचे तास पित्तात गेले. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३५ टक्के; हृदय कमजोर झालेलं. तेव्हापासून माझी सवय : शुगरवाल्याला अचानक घाम, दम, मळमळ झाली की आधी रिक्षा बोलवायची. पट्टीवर शुगर बघायची ती रिक्षात, आणि थेट ईसीजीला.

नव्यानं शुगर निघालेल्यांची घाई वेगळीच. जेवण बंद, गोळी मनानं दुप्पट. शुगर ७० च्या खाली गेली की अंगात अॅड्रेनलिन उसळतं, धडधड वाढते, ठोके बिघडू शकतात. अमेरिका-कॅनडातल्या अॅकॉर्ड अभ्यासात एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा जोर लावला, तर त्या गटात मृत्यू वाढले. २००८ मध्ये तो उपचार थांबवावा लागला. तुमचा आकडा डॉक्टरांना ठरवू द्या.

बिडी-तंबाखू चालू ठेवून नुसती शुगर सांभाळू नका. बीपी, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या "बरं वाटतंय" म्हणून सोडू नका. उन्हाळ्यात इन्सुलिन पत्र्याखालच्या फळीवर नको.

आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी मेडिकलमधून आणू नका. पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळी काहींच्या शरीरात पाणी धरून ठेवते. हृदय कमजोर असेल तर त्याच गोळीनं दम वाढतो.